भाजक शून्य!

सामने १. डाव १. नाबाद १. धावा ५५. चेंडू ६१. स्ट्राइक रेट ९०.१६. आणि सरासरीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ!

फैज याकूब फझल या खेळाडूची भारताकडून खेळलेली कारकीर्द ही एवढी. सगळी म्हणजे सगळी. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. कसोटी नाही, आंतरराष्ट्रीय टी-ट्वेन्टी नाही, दुसरा एकदिवसीय सामना नाही. आणि हा माणूस आपल्या नागपूरचा, विदर्भाच्या संघाचा माजी कर्णधार! ही ओळ वाचली तेव्हापासून मी जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे. स्टाफरूममध्ये सांगितलं, दत्त चौकात भाजी घेताना शेजारच्या बाईंना सांगितलं, कळंबपर्यंतच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांना सांगितलं. आजोबा म्हणाले, "हाव ना, फैज. डावखुरा." त्यांना माहीत होता! मला नव्हता. म्हणून आता तुम्हालाही सांगते.

मी यवतमाळला एका शाळेत गणित शिकवते. दहावीला सांख्यिकीचं प्रकरण आलं की मध्य, मध्यक, बहुलक. पुस्तकातली उदाहरणं कामगारांच्या पगाराची, आंब्यांच्या पेट्यांची, दुधाच्या लिटरांची. वर्गातली अर्धी मुलं संध्याकाळी पोस्टल ग्राउंडवर टेनिस बॉल खेळतात, तेव्हा या वर्षी म्हटलं, विदर्भाच्या फलंदाजांचे आकडे घेऊ या. क्रिकेटची सरासरी ही गणिताच्या शिक्षकाला फार आवडावी अशी गोष्ट आहे, कारण ती आपल्या नेहमीच्या सरासरीसारखी काढत नाहीत. एकूण धावांना डावांनी भागत नाहीत, बाद झालेल्या वेळांनी भागतात. दहा डाव खेळलात आणि आठ वेळा बाद झालात तर भाजक आठ. नाबाद राहिलेल्या डावातल्या धावा वर अंशात येतात, पण खाली छेदात तो डाव धरत नाहीत.

मग फैज फझलचं काय? वर ५५. खाली शून्य.

वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून मी मुलांना बजावत आले की शून्याने भागायचं नाही, त्या भागाकाराला अर्थ नाही. आणि इथे एका जिवंत माणसाची कारकीर्द त्या भागाकारात बसलेली! ती ओळ फळ्यावर लिहिली तेव्हा वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे मॅडम, त्याले कोणी आउटच नाही केलं?"

नाही केलं. भारताकडून खेळताना फैज फझलला जगातल्या एकाही गोलंदाजाने बाद केलेलं नाही.

त्या दिवसाबद्दल मिळेल ते सगळं मी वाचून काढलं. १५ जून २०१६, हरारे स्पोर्ट्स क्लबचं मैदान, झिम्बाब्वेविरुद्धच्या मालिकेतला तिसरा आणि शेवटचा सामना. महेंद्रसिंह धोनी कर्णधार. पहिले दोन सामने जिंकून मालिका खिशात आलेली, त्यामुळे नव्या माणसाला संधी द्यायला जागा होती. झिम्बाब्वेची पहिली फलंदाजी १२३ धावांत आटोपली, जसप्रीत बुमराहने २२ धावांत चार बळी घेतले. भारताला हव्या होत्या १२४. सलामीला के. एल. राहुल आणि त्याच्यासोबत तीस वर्षं नऊ महिन्यांचा नवखा फैज. राहुल त्याच मालिकेच्या पहिल्या सामन्यात एकदिवसीय पदार्पणातच शतक ठोकून बसला होता. असं करणारा तो पहिला भारतीय. एका बाजूला हा चोवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्यासाठी पुढची सगळी दारं उघडत होती, आणि दुसऱ्या बाजूला बारा-तेरा वर्षं रणजीत घाम गाळून पहिल्यांदा निळा पोशाख चढवलेला फैज. दोघांनी २१.५ षटकांत बिनबाद १२६ केल्या. राहुल ७० चेंडूंत ६३, फैज ६१ चेंडूंत ५५. सत्तर आणि एकसष्ट मिळून १३१ चेंडू, म्हणजे बरोबर २१ षटकं आणि ५ चेंडू. मी बेरीज करून पाहिली. जमते.

आता हे बघा, आणि हे मला रात्री झोपू देत नाही. तो डाव संपला कशामुळे? फैज थकला नाही, चुकला नाही, कोणी त्याची यष्टी उडवली नाही, कोणी झेल घेतला नाही. समोरच्या संघाने करून ठेवलेल्या धावाच संपल्या! झिम्बाब्वेने २५० केल्या असत्या तर फैज आणखी तासभर मैदानात असता. कदाचित त्याचं शतक झालं असतं, आणि पदार्पणात शतक करणाऱ्याला पुढच्या मालिकेतून गाळणं कोणत्याही निवड समितीला जड गेलं असतं. बुमराहने त्या दिवशी इतका सुंदर मारा केला नसता तर? आपल्याच गोलंदाजाच्या कर्तबगारीने आपल्याच फलंदाजाचा डाव आखूड केला. यात कोणाचाही दोष नाही. सगळे आपापलं काम उत्तम करत होते.

आणि तो तिथपर्यंत पोचला कसा! डिसेंबर २००३ मध्ये अठराव्या वर्षी विदर्भाकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी पदार्पण, आणि पहिल्याच सामन्यात १५१. अठराव्या वर्षी पहिल्या सामन्यात दीडशे करणाऱ्या मुलाला वाटलं असेल की आता दोन-तीन वर्षांत निवड समितीचा फोन येईल. फोन यायला बारा वर्षांवर काळ गेला. मधल्या काळात तो रेल्वेकडून खेळला, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून थोडे सामने खेळला, पुन्हा विदर्भात आला, आणि सलामीला नव्या चेंडूसमोर उभा राहत राहिला. मार्च २०१६ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर इराणी चषकाचा सामना झाला. शेष भारतासमोर रणजी विजेत्या मुंबईने ४८० धावांचं लक्ष्य ठेवलं. चौथ्या डावात ४८०! कोणीही म्हणेल, सामना मुंबईचा. फैजने सलामीला येऊन १२७ काढल्या, शेष भारताने ते लक्ष्य गाठलं आणि सामना चार गडी राखून जिंकला. झिम्बाब्वे दौऱ्यासाठी त्याची निवड झाली तेव्हा तो इंग्लंडच्या ईशान्येला एका क्लबकडून लीग क्रिकेट खेळत होता. तीन महिन्यांत ब्रेबॉर्न, इंग्लंडमधलं क्लबचं मैदान आणि हरारे!

हे सगळं माझ्या भाच्याला कळवल्याशिवाय मला राहवेना. तो अमेरिकेत सिनसिनाटीला असतो. मी ती आकड्यांची ओळ त्याला पाठवली, आणि तिकडे पहाट झाली असेल-नसेल, त्याचा फोन. "मावशी, आमच्या गावातही असा एक होऊन गेला. क्वार्टरबॅक. ग्रेग कुक." आणि मग तासभर तो बोलत होता आणि मी वहीत आकडे लिहून घेत होते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी, हाताचं जास्त. अंडाकृती चेंडू, प्रत्येक बाजूला अकरा जण, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू येतो क्वार्टरबॅकच्या हातात. अंगावर धावून येणारे धिप्पाड खेळाडू पोचायच्या आत, दोन-तीन सेकंदांत, त्याला ठरवायचं असतं की चेंडू कोणाला द्यायचा, कुठे फेकायचा, किती लांब. सगळा संघ त्याच्या डोक्यावर आणि खांद्यावर चालतो. खांद्यावर हे अक्षरशः घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट खांद्याचीच आहे.

ग्रेग कुक ओहायो राज्यातलाच मुलगा. सिनसिनाटी विद्यापीठाकडून खेळताना १९६८ मध्ये एका सामन्यात त्याने फेकून ५५४ यार्ड मिळवले. १९६९ मध्ये त्याच शहरातल्या बेंगल्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं, देशभरातल्या नव्या खेळाडूंत पाचव्या क्रमांकावर. संघ अवघ्या एका वर्षाचा, प्रशिक्षक पॉल ब्राउन, आणि त्यांच्या हाताखाली बिल वॉल्श नावाचे साहाय्यक. कुकने सुरुवातच अशी केली की पहिले तीनही सामने बेंगल्सने जिंकले. तिसरा सामना कॅन्सस सिटी चीफ्सशी होता, आणि त्या हंगामाच्या शेवटी सुपर बोल हा विजेतेपदाचा सामना जिंकला तो याच चीफ्सनी. त्या सामन्यात कुकला एका बचावपटूने पाडलं आणि त्याच्या फेकीच्या हाताच्या खांद्यात काहीतरी तुटलं.

काय तुटलं ते कळायला तेव्हा मार्ग नव्हता. एमआरआय नव्हता. खांद्याचा रोटेटर कफ फाटला होता हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. काही सामने तो बाहेर बसला, मग कॉर्टिझोनची इंजेक्शनं घेऊन परत आला, आणि उरलेला हंगाम त्या फाटलेल्या खांद्याने खेळला! नुसता खेळला नाही. १९७ फेका, त्यातल्या १०६ साथीदारांच्या हातात पोचलेल्या, १,८५४ यार्ड, १५ टचडाउन. १,८५४ भागिले १९७, म्हणजे दर फेकीमागे ९.४ यार्ड. १,८५४ भागिले १०६, म्हणजे पोचलेल्या प्रत्येक फेकीमागे साडेसतरा यार्ड. नवख्या खेळाडूने असे आकडे त्याआधी कधी मांडले नव्हते. त्याच्या लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

आणि मग संपलं. शस्त्रक्रिया केली तेव्हा खांद्याबरोबर दंडाचा स्नायूही सुटल्याचं दिसलं. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. १९७३ मध्ये तो एका सामन्यापुरता परत उतरला, तीन फेका केल्या, त्यातली एक पोचली, ११ यार्ड. दोन्ही हंगाम मिळून १२ सामने. पुढे तो निसर्गचित्रं काढत राहिला, आणि जानेवारी २०१२ मध्ये वयाच्या पासष्टाव्या वर्षी गेला.

पण थांबा, खरी गंमत पुढे आहे. खांद्यामुळे कुक संघाबाहेर गेल्यावर वॉल्श यांच्या हातात उरला व्हर्जिल कार्टर. डोक्याने तल्लख, फेक मात्र लांब जात नाही. कुक असता तर वॉल्श यांना चेंडू लांबच लांब फेकायला लावायचं एवढंच काम होतं. आता त्यांना विचार करावा लागला. त्यांनी मैदान लांबीऐवजी रुंदीत वापरायला सुरुवात केली. आखूड फेका, आडव्या फेका, पावलं मोजून ठरवलेल्या, पाच-सहा यार्ड, पुन्हा पाच-सहा यार्ड. या पद्धतीला पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स असं नाव पडलं. तीच घेऊन वॉल्श १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, आणि जो मोंटाना या क्वार्टरबॅकला हाताशी धरून त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. सगळ्या अमेरिकेने मग ती पद्धत उचलली. एका मुलाच्या फाटलेल्या खांद्याच्या जागी एक अख्खी खेळण्याची रीत उगवली! भाचा हे सांगत होता आणि माझ्या अंगावर काटा येत होता.

म्हणून मी फैजकडे परत वळले. कुकच्या जाण्याने जे घडलं तसं फैजबाबत काही घडलं का, हे मला बघायचं होतं. कुकचं शरीर थांबलं. फैजचं शरीर धडधाकट होतं, फक्त बोलावणं थांबलं. भारताकडे तेव्हा सलामीला रोहित शर्मा होता, शिखर धवन होता, राहुल उभा राहत होता. एकतिशीला टेकलेला माणूस घरी परत आला. आणि इथून पुढचं ऐकाल तर उभे राहाल.

विदर्भ रणजी खेळायला लागला १९५७-५८ पासून. त्यानंतर साठ वर्षं विजेतेपद सोडाच, अंतिम फेरीही गाठली नव्हती. मुंबई-दिल्ली-कर्नाटकवाल्यांना विदर्भाशी सामना म्हणजे गुण मिळवायची जागा. २०१७-१८ च्या हंगामात कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आणि संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर. फैजने त्या हंगामात ९१२ धावा काढल्या, पाच शतकं. सगळ्या देशात त्याच्यापुढे फक्त मयंक अगरवाल.

उपांत्य सामना कोलकात्याला ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाशी. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर संपला, कर्नाटकाने ३०१ केल्या. ११६ धावांनी मागे! दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ जमवल्या, म्हणजे कर्नाटकाला जिंकायला हव्या होत्या १९८. आणि रजनीश गुरबानी या मुलाने ६८ धावांत सात गडी बाद केले. कर्नाटक १९२. विदर्भ पाच धावांनी जिंकला. पाच! आमच्या वर्गात मी हे गणित मुद्दाम तोंडी सोडवून घेतलं, १८५ अधिक ३१३ वजा ३०१ वजा १९२, आणि उत्तर पाच आल्यावर मुलींनी बाक वाजवले.

अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीशी. गुरबानीने पहिल्या डावात हॅट्ट्रिक घेतली. फैजने ६७, जाफरने ७८, आणि कोवळ्या अक्षय वाडकरने १३३. विदर्भ ५४७. १ जानेवारी २०१८ ला, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, विदर्भाने रणजी करंडक नऊ गडी राखून जिंकला. मी त्या दिवशी काय करत होते कोण जाणे. इतकं मोठं काही आपल्याकडे घडत होतं!

आणि पुढच्या वर्षी पुन्हा! फेब्रुवारी २०१९, या वेळी अंतिम सामना थेट आपल्या नागपूरजवळच्या जामठ्यावर, सौराष्ट्राशी. विदर्भाच्या ३१२ ला सौराष्ट्राचं उत्तर ३०७, म्हणजे पुन्हा तोच जादूई आकडा, पाच धावांची आघाडी. मग आदित्य सरवटेने दोन्ही डावांत मिळून अकरा गडी बाद केले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली, आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. लगोलग जामठ्यालाच इराणी चषक, तोही विदर्भाने राखला. पुलवामाचा हल्ला त्याच दिवसांत झाला होता. फैजने जाहीर केलं की बक्षिसाची सगळी रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना जाईल.

यवतमाळहून नागपूरला जाणाऱ्यांना जामठा चांगलं ठाऊक आहे. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी मागे पडलं की नागपूर लागायच्या आधी रस्त्यालगत ते भलंमोठं स्टेडियम आणि त्याचे दिव्यांचे मनोरे दिसतात. कित्येकदा त्याच्यासमोरून एसटी गेली असेल आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपलेली असेन. तिथे आत आपला कर्णधार दुसऱ्यांदा करंडक उचलत होता. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा गावभर बोलायला तोच विषय होता. क्रिकेटवर माझ्या कानावर एक शब्द आला नाही, आणि याचं मला आता फार वाईट वाटतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरात हरयाणाविरुद्धचा रणजी सामना खेळून फैजने निवृत्ती घेतली. प्रथम श्रेणीत नऊ हजारांवर धावा, २४ शतकं. त्या सगळ्याची सरासरी काढता येते, चाळिशीच्या पुढची, छान आहे. पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या रेघेकडेच जाते.

एकदा डोळे उघडल्यावर अशी माणसं दिसायला लागली. अमरावतीला जन्मलेले हेमंत कानिटकर! आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. रणजी ते महाराष्ट्राकडून खेळले, यष्टिरक्षक आणि फलंदाज. नोव्हेंबर १९७४, बेंगळुरूचा कसोटी सामना, समोर अँडी रॉबर्ट्सचा तोफखाना असलेला वेस्ट इंडिज. त्या कसोटीत पदार्पण करणाऱ्यांत समोरच्या संघातले दोघे होते गॉर्डन ग्रीनिज आणि विव्हियन रिचर्ड्स. आणि भारताच्या पहिल्या डावात सर्वांत जास्त धावा कोणाच्या? पदार्पण करणाऱ्या कानिटकरांच्या, ६५! दुसऱ्या डावात १८, मग दिल्लीच्या कसोटीत ८ आणि २०. चार डावांत १११. चारही वेळा बाद, म्हणून सरासरी २७.७५. त्यानंतर कसोटी नाही. ऋषिकेश कानिटकरने ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध मारलेला तो चौकार सगळ्यांना आठवतो. त्याच्या वडिलांचे हे ६५ कोणाला आठवतात का, मी विचारत फिरते आहे.

आणि मुंबईचे माधव आपटे. यांचं वाचून तर मी ताडकन उठून येरझाऱ्या घालायला लागले. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना ते लेगस्पिन टाकत, विनू मंकडांनी त्यांना सलामीचा फलंदाज केलं. वीस वर्षांचे असताना कसोटीत आले, १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध दोन कसोट्या. मग १९५३ मध्ये विजय हजारे यांच्या संघातून वेस्ट इंडिजला गेले. त्यांचे तिथले दहा डाव ओळीने लिहिते, कारण ते ओळीनेच वाचायला हवेत : ६४, ५२, ६४, ९, ०, नाबाद १६३, ३०, ३०, १५, ३३. त्या शून्याकडे आणि त्याच्या शेजारच्या १६३ कडे बघा! पोर्ट ऑफ स्पेनच्या एकाच कसोटीतले हे दोन डाव. पहिल्या डावात खातं न उघडता परतलेला वीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या डावात रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकीपटूंसमोर शेवटपर्यंत बाद होत नाही आणि सामना वाचवतो. मालिकेत ४६० धावा. एका कसोटी मालिकेत चारशेच्या पुढे जाणारे ते पहिले भारतीय सलामीवीर. एकूण सात कसोट्या, ५४२ धावा, सरासरी ४९.२७. एकोणपन्नास! आणि पुन्हा कधीही बोलावणं नाही.

कुकला खांदा तरी होता दाखवायला. आपट्यांना काय होतं? वय वीस, शरीर ठणठणीत, सरासरी पन्नासला टेकलेली. मला यावर चिडायचं आहे, मी चिडले आहे, सत्तरहून अधिक वर्षांनंतर एका गणिताच्या बाईने चिडून काही होणार नाही तरीही. पण त्यांनी पुढे काय केलं तेही सांगायला हवं. मुंबईचं रणजीत नेतृत्व केलं, आणि पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी कांगा लीग दशकानुदशकं खेळत राहिले, पार म्हातारपणापर्यंत. मुंबईचे शेरीफ झाले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात अठरा वर्षांखालच्या मुलांना आडवा येणारा नियम कोवळ्या सचिन तेंडुलकरसाठी शिथिल झाला, त्यात आपट्यांचा हात होता. आपल्याला मिळालं नाही म्हणून दार लावून घेणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांच्या हातून दुसऱ्यासाठी दार उघडलं.

फैजबद्दल मला नेमकं हेच म्हणायचं आहे. इंदूरला १३३ करणारा तो कोवळा अक्षय वाडकर आठवतो ना? मार्च २०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, जामठ्यावरच, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर, आणि तेव्हा कर्णधार होता वाडकर. दानिश मालेवारने त्या अंतिम सामन्यात १५३ केल्या. यश राठोडच्या हंगामात ९६० धावा, देशात सर्वांत जास्त. हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका हंगामातला विक्रम! साठ वर्षं अंतिम फेरीचं तोंड न पाहिलेल्या संघातली ही पोरं आता प्रत्येक हंगामात करंडकच डोळ्यासमोर ठेवून उतरतात. सिनसिनाटीत कुकच्या जागी एक नवी रीत उगवली होती. नागपुरात हरारेहून परतलेल्या माणसाने स्वतः उभं राहून ती रुजवली.

वर्गाच्या फळ्यावर मी आता या सगळ्यांचे आकडे मांडले आहेत. मुलं स्वतःहून आणखी नावं शोधून आणतात, कोणी कबड्डीतली, कोणी हॉकीतली. परवा तर एक मुलगी म्हणाली, मॅडम, कारकीर्द किती लांब हे सरासरीत येतच नाही, तर मग ते मोजायचं कसं? मी तिला प्रमाण विचलन पुढच्या वर्गात शिकशील म्हणाले, पण तिचा प्रश्न त्याहून मोठा आहे हे मला कळलं आहे आणि मी त्यावर विचार करते आहे.

हिवाळ्यात रणजीचे सामने असतात. विदर्भाचे घरचे सामने नागपुरात असतात, चार दिवस चालतात, आणि गर्दी कधीच नसते. सकाळी यवतमाळहून सुटणारी एसटी धरली तर उपाहारापर्यंत जामठ्याला पोचता येतं. मी मुलांना घेऊन जाणार आहे. मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे, दोन पालक सोबत यायला तयार झाले आहेत. तुम्हीही या. पांढऱ्या पोशाखातला विदर्भाचा एखादा सलामीवीर नवा चेंडू खेळून काढत असेल, त्याचं नाव तुम्ही कदाचित ऐकलेलं नसेल. विचारून घ्या.